बावीसपर्यंत मोजलेला सूर

मे महिन्यात चेन्नईत उघड्यावर गाण्याचे कार्यक्रम ठेवायची कल्पना ज्याला सुचली, त्याला एकदा माझ्या स्वयंपाकघरात दुपारी दोन वाजता उभं करायला हवं. कत्तिरीचे दिवस असतात, म्हणजे इथल्या पंचांगातले सगळ्यात तापाचे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून असं येतं की त्यात डाळ शिजावी. तरीही दर वर्षी मेच्या चार रविवारी आमच्या भागातल्या मोठ्या बागेत हे कार्यक्रम होतात, संध्याकाळी समुद्रावरचा वारा सुटला की. तिकीट नाही, पास नाही, प्लास्टिकच्या खुर्च्या ज्याला मिळतील त्याला. गाणारे सगळे जुने बँडवाले. ज्यांनी एके काळी खांद्यापर्यंत केस वाढवून कॉलेजांच्या मैदानांवर धुमाकूळ घातला, ते आता गुडघ्याला पट्टा बांधून स्टेजच्या पायऱ्या चढतात, आणि खाली बसलेले त्यांच्याच वयाचे लोक खुर्चीतल्या खुर्चीत माना हलवतात. खोटं कशाला बोलू, सुंडलची, म्हणजे उकडलेल्या चण्यांची, पुडी घेऊन तिथं बसायला मला फार आवडायचं. गेल्या वर्षीपर्यंत.

माझा नवरा या बँडवाल्यांतलाच. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर 'अहो' म्हणते, भांडतानाही 'अहो'च, फक्त आवाज चढवून. त्याचं घराणं तंजावरकडचं मराठी, कित्येक पिढ्या इथलंच. मी मिरजेची, वडिलांची रेल्वेत बदली झाली म्हणून पेरंबूरच्या क्वार्टर्समध्ये आले. लग्न ठरवताना वडिलांना एवढंच सांगितलं होतं की मुलगा बंदरात क्लार्क आहे आणि घरी मराठी बोलतात. गाण्याचं प्रकरण त्यांना साखरपुड्यानंतर कळलं. "इंग्रजी गातो? उड्या मारून?" असं विचारून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच्या बँडचं एक गाणं होतं, त्यांचं स्वतःचं, ड्रमरनं रचलेलं. शब्द इंग्रजी आणि शब्दांत काही राम नव्हता. समुद्र, चंद्र, तू आणि मी. लोक यायचे ते शेवटासाठी. शेवटी सगळी वाद्यं एकदम थांबायची, हा डावा हात वर करायचा आणि एकच सूर लावायचा. समोरचं सगळं मैदान बोटं वर करून मोठ्यानं मोजायचं, तमिळमधून. ओण्णु, रेण्डु, मूणु. हे कुणी सुरू केलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण मोजल्याशिवाय ते गाणं पुरं व्हायचं नाही. मोजायची लयही ठरलेली होती, सावकाश. कुणी घाई केली तर शेजारचा चिडायचा. कधी पंधरा व्हायचे, कधी अठरा. आमचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हा वडपळणीच्या एका बारक्या स्टुडिओत त्यांनी कॅसेट काढली, त्यात तो बावीसपर्यंत गेला. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिंगवाला आणि मी, दोघं बोटांवर मोजत होतो. तेव्हापासून बंदरातल्या ऑफिसात लोक त्याला नावानं कमी आणि 'बावीस' म्हणून जास्त ओळखायचे.

त्या सुराबद्दल त्यांचा एक नियम होता. तालमीत तो लावायचा नाही. तालीम त्या जागेपाशी आली की ड्रमर काठ्या खाली ठेवायचा, पुढचं स्टेजवर. घरात तर अजिबातच नाही. मला ही सगळी थेरं वाटायची. "देवाचा नैवेद्य आहे का, आधी चाखायचा नाही म्हणून?" मी विचारायचे. तो म्हणायचा, "तसंच गे कांहीं तरी."

दोन वर्षांपूर्वी त्याचा दम जायला लागला. जिना चढताना अर्ध्यात थांबून खिडकीबाहेर काहीतरी बघितल्याचं नाटक करायचा. डॉक्टर सिगारेट म्हणाले. इतकी वर्षं ओढल्या होत्या, त्यांच्याशी वाद कोण घालणार? तो मात्र हवेला दोष द्यायचा, बंदरातल्या धुळीला द्यायचा, एकदा तर माझ्या फोडणीलाही दिला. घरात इनहेलर आला, आणि तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र आलं, ज्यात श्वास ओढून चेंडू वर न्यायचे. तो एक चेंडू न्यायचा आणि चिडून यंत्र टीव्हीमागं ठेवून द्यायचा.

गेल्या वर्षीच्या पोंगलला मुलगी आणि जावई आले होते. दोघं इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूला कारखान्यात नोकरी करतात, सणालाच काय ते येणं होतं. जेवणं झाल्यावर जावई म्हणाला, मी तुमचा तो सूर कधी ऐकलाच नाही. मी डोळ्यांनी नको म्हणत होते. पण जावयाचं मन मोडणार कोण, आणि सासऱ्याला भाव खायचाच होता. हॉलमध्ये उभा राहिला, डावा हात वर केला. आम्ही मोजू लागलो. अकराला त्याचे ओठ काळेनिळे पडले आणि तो उभ्या उभ्या कोसळला. टीपॉयच्या कडेला कपाळ लागलं. मी ते रक्त पुसत होते, आणि शुद्धीवर आल्यावर हा पहिलं काय बोलला, तर "घरीं गायलों म्हणून झालं." दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, गाणं बंद करा असं मी म्हणत नाही, पण असा जोर पुन्हा लावलात तर पडाल, आणि दर वेळी टीपॉयवरच पडाल असं नाही.

हे सगळं घडून दोन महिने झाले नाहीत तोच ड्रमर आमच्याकडे आला. त्याच्या वयाचा, एका कानात यंत्र, दुसऱ्या कानातही हवं होतं पण दोन लावली की म्हातारा दिसतो म्हणे. मेच्या तिसऱ्या रविवारी बागेत आपला कार्यक्रम आहे, म्हणाला. सगळे तयार आहेत. फक्त गाणारा हवा.

मी नाही म्हटलं. मी चहा न देता नाही म्हटलं, यावरून माझी अवस्था समजावी. ड्रमर गेल्यावर आमचं भांडण झालं, तसं आमचं पूर्वी कधीच झालं नव्हतं. तुम्हाला मरायचंच असेल तर बागेत हजार लोकांसमोर कशाला, असंही मी बोलले. त्यानं ड्रमरसाठी काढलेली खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग म्हणाला (तंजावरकडे 'एक फेरी होणा' म्हणजे एकदा हवं), "एक फेरी होणा मला. मोजलेलं ऐकायचं आहे. मग नक्को म्हणशील तर पुन्हा नाहीं." इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं असेल तर जास्त मीठ घातलेलं लोणचं. मी हो म्हटलं.

पण माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच. तालमी सुरू झाल्या. गाणी त्यानं दोन सुरांनी खाली घेतली, मधली कडवी गिटारवाल्याकडे दिली, स्वतःसाठी एक उंच स्टूल ठेवून घेतलं. त्या एका सुराची मात्र तालीम नाही. नियम म्हणजे नियम. त्यामुळे तो किती जाईल हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मला फक्त अकरा माहीत होते. भांडी घासताना, बसमध्ये, देवापुढं, मी मनात मोजायचे आणि अकराला थांबून पुन्हा एकपासून सुरू करायचे.

कार्यक्रमाच्या आधीच्या बुधवारी मी त्याला न सांगता जॉर्ज टाउनला गेले. आवाजाची व्यवस्था ज्याच्याकडे होती त्याचं दुकान तिथल्या एका गल्लीत होतं. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेला, लग्नं आणि देवळांचे उत्सव करणारा. मी त्याच्यापुढं पेन ड्राइव्ह ठेवला. नवऱ्याच्या साठीच्या समारंभाला मुलीनं ती जुनी कॅसेट त्यात भरून आणली होती. मी सांगितलं, यातला शेवटचा सूर तेवढा काढून ठेवा; स्टेजवर याचा दम तुटला तर लोकांना कळायच्या आत तो लावा. मला वाटलं होतं तो मला हाकलून देईल. पण त्यानं मानही वर केली नाही. "आजकाल सगळेच ठेवतात, अम्मा," म्हणाला. लॅपटॉपवर त्यानं वाद्यं बाजूला केली, सूर दोन पट्ट्या खाली उतरवला आणि मला ऐकवला.

बाहेर हातगाड्यांचा गोंगाट होता. त्यात तो आवाज आला, नुसता, बाकी काही नाही. माझा नवरा, सव्वीस वर्षांचा. मी त्या दुकानात रडले. दुकानदारानं पाण्याची बाटली पुढं केली आणि विचारलं, कधी वारले? मी त्याला झापलं.

आमचं ठरलं ते असं. मी त्याच्या यंत्राजवळ उभी राहीन. नवऱ्यानं सूर लावला की तो रेकॉर्डिंगही सुरू करील, पण आवाज बंद ठेवून. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला की तो रेकॉर्डिंग वर घेईल आणि माइक खाली. "माझं मला कळेल की," तो म्हणाला, "तीस वर्षं हेच करतोय." मी म्हटलं, नाही, तुम्हाला नाही कळणार. मी त्यांचा श्वास ओळखते. रात्र रात्र शेजारी पडून त्या श्वासावर कान ठेवलेत मी, तो कधी अडकणार हे मला आधी कळतं. हे मी किती ठसक्यात बोलले ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

रविवारी वारा लवकर सुटला. खुर्च्या साडेपाचलाच भरल्या होत्या, लोक गवतावर, कट्ट्यावर, कारंज्याच्या काठावर बसले होते. बंदरातले जुने लोक आले होते. आमच्याच वयाच्या बायका नातवंडांना सांगत होत्या, शेवटी मोजायचं असतं हं. मुलगी फोन घेऊन पहिल्या रांगेत. नवऱ्यानं निळा शर्ट घातला होता, खिशात इनहेलर. स्टुलावर बसून त्यानं चार गाणी म्हटली आणि चांगली म्हटली. आवाज जाडसर झाला होता पण सुरात होता. मी आवाजवाल्याच्या टेबलाशी कडुनिंबाखाली उभी होते आणि एकही गाणं ऐकत नव्हते, फक्त त्याची छाती बघत होते.

मग ते गाणं आलं. समुद्र, चंद्र, तू आणि मी. वाद्यं थांबली. तो स्टुलावरून उठला, डावा हात वर केला आणि सूर लावला. बाग मोजायला लागली. ओण्णु. रेण्डु. मूणु. एवढ्या लोकांचा एक आवाज, सावकाश, जुन्या लयीत. नालु, अंजु. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. सातला मानेच्या शिरा दिसायला लागल्या. आठला वर केलेला हात हलला. वाऱ्यानं हलला असेल, थकून हलला असेल, मला काय माहीत. माझ्या डोळ्यांपुढं हॉलमधली फरशी आली, टीपॉयची कड आली, आणि आता अकरा येणार, आता येणार. ओंबदु म्हणजे नऊ. नवाला माझा धीर सुटला आणि मी आवाजवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानं चोख काम केलं. कुठं सांधा नाही, खरखर नाही. फक्त मला आवाज जरा तरुण झालेला कळला. आणि नवऱ्याला कळला. त्यानं एकदाच वर, स्पीकरकडे पाहिलं. तोंड तसंच उघडं ठेवलं. मग मी पाहिलं, त्याची छाती भरली, खाली आली, पुन्हा भरली. तो श्वास घेत होता आणि सूर चालू होता. पडला नव्हता, निळा पडला नव्हता, तुटला नव्हता. हात वर ठेवून तो नुसता उभा होता आणि लोक मोजत होते. पंधरा, सोळा. वीस झाल्यावर बाग उठून उभी राहिली. बावीसला त्यानं हात खाली घेतला, बरोबर बावीसला, कारण रेकॉर्डिंग कुठं संपतं ते त्याला पाठ होतं.

पुढं जे झालं ते मला सांगवत नाही, तरी सांगते. लोक स्टेजवर चढले. कुणीतरी त्याला शाल घातली, त्या उकाड्यात. ड्रमर रडत होता. त्याच्या कानांना काही कळलेलं नव्हतं. मुलगी धावत माझ्याकडे आली आणि गळ्यात पडली, "अम्मा, बघितलंस? ट्वेंटी-टू! अप्पांना काही झालेलं नाही!" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. रिक्षात तिनं तो व्हिडिओ पाच वेळा लावला. तो बाहेर बघत बसला होता. ती काही विचारायची तेव्हा "सेरी, सेरी" म्हणायचा, म्हणजे बरं, बरं.

चार दिवस फोन खणखणत होता. तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरत होता. मिरजेहून माझ्या भावजयीनंही पाठवला, जणू मला माहीतच नव्हतं. तो प्रत्येकाला थँक्यू म्हणत होता. मला एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या ताटात दोनदा जास्त वाढलं, तेही त्यानं गप्प खाल्लं. तो भांडला असता तर बरं झालं असतं, मी तयारीत होते. डॉक्टर, टीपॉय, अकरा, सगळी उत्तरं पाठ करून बसले होते.

पाचव्या दिवशी सकाळी कॉफी घेताना त्यानं विचारलं, "कितीला लावलंस?"

म्हणजे आवाजवाल्याशेजारी मला त्यानं पाहिलं होतं, पण पुढचं माहीत नव्हतं. स्टेजवरच्या त्या गलक्यात त्याला स्वतःचा आवाज कुठं संपला आणि कॅसेटचा कुठं सुरू झाला, तो आकडा कळलेला नव्हता. तो माझ्याकडे असा बघत होता की मी नऊ म्हणूच शकले नाही. "सतरा," मी म्हटलं. कुठून आलं देव जाणे. कुठून तरी तोंडात आलं.

"सतरा?" त्यानं कप खाली ठेवला. "पोंगलला अकरा, आतां सतरा?"

"मग! सतराला जरा डगमगलात, म्हणून लावलं."

"होय, होय. तिथंच दम सरला होता माझा. कळत होतं मला." आणि तो हसला, आणि माझा हात धरला. "बरं केलंस गे. नाहीं तर सगळ्यांसमोर फजिती झाली असती."

पुढचे दोन-तीन आठवडे आमच्या घरात सण असल्यासारखे गेले. मला खोटं पचलं, असंच म्हणायला हवं. त्यानं ड्रमरला फोन करून खरं काय ते सांगून टाकलं: पुढचे पाच रेकॉर्डिंगचे, पण सतरा माझे स्वतःचे. रोज फिरायला जायचा. टीव्हीमागचं यंत्र त्यानं स्वतः बाहेर काढलं आणि दोन चेंडू वर न्यायला लागला. पुढल्या मेमध्ये रेकॉर्डिंग नक्को, म्हणाला, सतरा तर आहेतच, अठरा करूं. मी मनात म्हणत होते, चला, एका आकड्यानं एवढं भलं होत असेल तर होऊ दे.

जूनच्या शेवटी त्यानं नियम मोडला. एवढा सराव केलाय तर बघायला काय हरकत आहे, म्हणाला. सकाळी गच्चीवर खुर्ची ठेवली, मी समोर. "पडायच्या आधीं थांबतों, घाबरूं नक्को." मी मोजलं. बारा. दुसऱ्या दिवशी बारा. मग एकदा तेरा, मग परत बारा. दर वेळी तो आपण होऊन थांबत होता, ओठ गुलाबी, पाय स्थिर. पोंगलला अकराला कोसळलेला माणूस तेराला हात खाली घेऊन उभा होता! मला नाचावंसं वाटत होतं, आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"दीड महिन्यांत पाच गेले," तो म्हणाला.

मी म्हटलं, सकाळची वेळ आहे, घसा बसलेला असतो. मी म्हटलं, स्टेजवर हुरूप असतो. त्यानं ऐकून घेतलं आणि बोटांवर हिशेब मांडला. दीड महिन्यात पाच, तर दिवाळीपर्यंत काय उरलं? तो गच्चीवर यायचा बंद झाला. मग फिरणं बंद झालं. चेंडूंचं यंत्र परत टीव्हीमागं गेलं. जेवणात दोन घास. त्यानं ड्रमरला सांगितलं, दुसरा कुणी बघा. मुलीला फोनवर म्हणाला, आता सवड काढून येऊन जा. तिनं घाबरून मला विचारलं, अम्मा, डॉक्टर काही बोलले का? काही नाही बोलले, तू फक्त ये, एवढंच मी म्हटलं. तिचा बाप माझ्या एका आकड्यानं खंगत होता.

जुलैमध्ये मी त्याला ओढून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळीत फुंकायची चाचणी केली, जुने कागद काढून शेजारी ठेवले आणि खूश झाले. जानेवारीपेक्षा बरं आहे, म्हणाले, थोडंच, पण बरं. या वयात हे कमी नाही, फिरणं सोडू नका. माझा नवरा त्यांच्याकडे बघून हसला, लहान मुलाची समजूत काढणाऱ्यांना मोठी माणसं हसतात तसा. बाहेर आल्यावर म्हणाला, "यंत्राला काय कळतं? सतरा होते माझे."

घरी येऊन तो आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. पंखा फिरत होता. मी स्वयंपाकघरात गेले, तांदूळ निवडायला घेतले, तसेच ठेवले. मला त्याचा राग आला. डॉक्टरांचं खरं न मानता माझं मानणारा माणूस! मग स्वतःचा इतका राग आला की उभं राहवेना. मी जाऊन पलंगाच्या कडेला बसले.

"सतरा नव्हते," मी म्हटलं.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"नऊ होते. मी नवाला हात ठेवला आवाजवाल्याच्या खांद्यावर, कॅसेट लावायची खूण म्हणून. सतरा मी मनचं सांगितलं. तेव्हा नऊ आणि आता तेरा. तुम्ही उतरला नाहीत हो, चढलात."

मग तो हळूहळू उठून बसला. डोळ्यांत काहीतरी परत येताना मला दिसलं आणि मला वाटलं, सुटलो.

"नऊ," तो म्हणाला. "नवाला तुटला दम माझा?"

हो म्हणायचं होतं. एवढंच करायचं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं जागेवर आलं असतं, नवाला तुटला आणि आता तेरा, तो उद्या फिरायला गेला असता. मी तोंड उघडलं. पण सतरा म्हणताना जसं सहज निघालं होतं तसं हे निघेना.

"नाही," मी म्हटलं. "तुटला नव्हता. तुम्ही गात होता."

त्यानं कपाळ चोळलं. कपाळावरचा टीपॉयचा व्रण आता जवळजवळ दिसत नाही.

"मी गात होतों," तो म्हणाला. "लोक मोजत होते, आणि मी गात होतों."

"हो."

"मग कितीपर्यंत गेलों असतों गे?"

त्यानं ते रागानं विचारलं नाही. खरंच विचारलं, जणू दुसऱ्या खोलीतलं काही मला दिसलं असेल आणि त्याला नाही.

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "आता कुणालाच माहीत नाही."